विकीवरचं मॉड्यूल डॉक्युमेंटेशन कधी कोरं, कधी जुनं, आणि टेस्ट बेंचचा काउंटर शून्यावर

अंबड एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये मी सॉफ्टवेअरचं काम बघतो. आम्ही स्विचगिअरचे सुटे भाग बनवतो आणि ते किती टिकतात याची चाचणी घेतो. कॉन्टॅक्ट उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, असं हजारो वेळा, रात्रपाळीतसुद्धा. बेंच चालवणारी पायथनची मॉड्यूल्स आम्हीच लिहिली आहेत. त्यांचं डॉक्युमेंटेशन वेगळं लिहीत बसायला नको म्हणून ऑफिसच्या मीडियाविकीसाठी (विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर) एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्राम, केलं होतं. पानावर टॅग टाकायचा, टॅगच्या आत मॉड्यूलचं नाव लिहायचं. एक्स्टेन्शन मागच्या मागे पायडॉक, म्हणजे मॉड्यूलची माहिती छापणारं पायथनचं साधन, चालवणार आणि जे छापलं जाईल ते पानात दाखवणार.

ही सोय चांगली होती आणि अजूनही आहे, पण तिने दोन वर्षांत मला पुन्हापुन्हा त्याच तक्रारींकडे नेलं. पान कोरं येतंय. पान जुनंच दिसतंय. मराठी मजकुराच्या जागी आकडे दिसतायत. शेवटची तक्रार शॉपफ्लोअरवरून आली. तिचा विकीशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. अशी मांडणी तुमच्याकडे असेल, किंवा करायचा विचार असेल, तर माझे गेलेले दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. सेटिंगची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमनमध्ये करायची.

पान जुनं दिसतं तेव्हा

मॉड्यूल बदललं, सर्व्हरवर नवी फाइल गेली, तरी विकीवर कालचंच दिसतं. हा दोष एक्स्टेन्शनचा नाही. मीडियाविकी पान एकदा तयार करतं आणि तयार एचटीएमएल पार्सर कॅशेमध्ये ठेवून देतं. पानाचा विकीमजकूर बदलला तर त्याला कळतं. डिस्कवरची तुमची पायथन फाइल बदलली हे त्याला कळायला काही मार्गच नाही. आमच्या आवृत्तीत ही साठवण ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस टिकते.

अंदाज बांधत बसू नका, पानाचा सोर्स उघडा. तळाशी एचटीएमएल कॉमेंटमध्ये ‘न्यूपीपी लिमिट रिपोर्ट’ असतो. त्यात ‘कॅश्ड टाइम’समोर चौदा अंक दिसतील. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळे सलग. ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवायचे. पुढच्या ओळीत ‘कॅशे एक्स्पायरी’ सेकंदांत दिलेली असते. पान खरोखर कधी तयार झालं आणि किती वेळ तसंच राहणार, हे या दोन ओळींतून नेमकं कळतं. याच चौदा अंकांनी पुढे मला मोठा गुंता सोडवून दिला, म्हणून त्यांच्यावर एवढा भर.

तात्पुरता उपाय म्हणजे पत्त्याच्या शेवटी ‘ॲक्शन बरोबर पर्ज’ जोडून पान उघडायचं, म्हणजे साठवलेलं टाकून ते नव्याने तयार होतं. कायमचा उपाय म्हणून जुन्या लेखांत पार्सरची ‘डिसेबलकॅशे’ ही पद्धत सांगितलेली सापडते. ती नव्या आवृत्त्यांतून काढून टाकली आहे, त्यामुळे तसंच उतरवलं तर पानच फुटतं. आता पार्सरचं आउटपुट मागून त्यावर ‘अपडेटकॅशेएक्स्पायरी’ला शून्य द्यायचं. मीही तसंच केलं होतं. ते चुकीचं का ठरलं ते पुढे येतंय.

पान कोरं येतं तेव्हा

‘माझ्याकडे टर्मिनलवर व्यवस्थित चालतंय’ हे वाक्य या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ खातं. टर्मिनलवर तुम्ही असता, विकीत वेब सर्व्हरचा वापरकर्ता असतो. डेबियन-उबुंटूवर त्याचं नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, रेड हॅटच्या कुळात ‘अपाचे’. त्याचा पाथ वेगळा, त्याचं होम वेगळं, आणि तुम्ही सकाळी ज्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये शिरलात ते त्याच्या गावीही नसतं. म्हणून तपासणी त्याच्याच नावाने करायची: ‘सुडो’ला ‘डॅश यू’ देऊन तो वापरकर्ता घ्यायचा, ‘एन्व्ह डॅश आय’ने सगळी पर्यावरण चलं पुसायची आणि मग पायडॉक चालवायचं. एवढं केलं की निम्म्या तक्रारींचा उगम तिथेच सापडतो.

काय दिसतंय यावरूनही पुष्कळ कळतं. पान अगदी कोरं असेल तर बहुधा पायडॉकपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही. इंटरप्रिटर सापडला नसेल, किंवा मर्यादा ओलांडल्यामुळे प्रक्रिया मारली गेली असेल. ‘शेल-एक्झेक’ फक्त स्टँडर्ड आउटपुट परत देतं, चुकीचा संदेश स्टँडर्ड एररवर जातो आणि पानावर काहीच उरत नाही. ‘नो पायथन डॉक्युमेंटेशन फाउंड’ असं छापून आलं तर पायडॉक चाललं, पण त्याला मॉड्यूल सापडलं नाही, म्हणजे मॉड्यूल कुठे शोधायचं ते सांगणारं ‘पायथनपाथ’ हे चल बघा. ‘प्रॉब्लेम इन’ने ओळ सुरू झाली तर मॉड्यूल सापडलं, ते आत घेताना काहीतरी फसलं. तिन्ही वेळा लोक मला एकच सांगायचे, ‘डॉक्युमेंटेशन दिसत नाही.’ म्हणून आता मी आधी स्क्रीनचा फोटो मागतो.

‘शेल-एक्झेक’ सोडून मीडियाविकीचा स्वतःचा ‘शेल कमांड’ वर्ग वापरा. १.३० आवृत्तीपासून तो आहे. आउटपुट, एरर आणि एक्झिट कोड तो वेगवेगळे हातात देतो, आणि आज्ञेचे तुकडे स्वतः सुरक्षित करतो. मात्र त्याच्या मर्यादा लक्षात असू द्या: मूळ मांडणीत स्मृतीला ३०७२०० किलोबाइट, म्हणजे ३०० एमबी, आणि वेळेला १८० सेकंद. आमच्या आलेख काढणाऱ्या मॉड्यूलमध्ये नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी होती. ती इम्पोर्ट होताना, म्हणजे कोडमध्ये आत घेतली जाताना, आभासी स्मृती इतकी मागते की प्रक्रिया तिथेच मरायची. बाकी सगळी पानं ठीक आणि हे एकच कोरं, याचं कारण ते होतं.

मराठीचं वेगळं. आमच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडच्या आतच लिहिलेल्या वर्णनात, ऑपरेटरसाठी मराठीत सूचना आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात असा माझा आग्रह आहे. पाळीवर आलेल्या मुलाला ‘आधी हवेचा दाब बघा’ हे त्याच्या भाषेत वाचायला मिळालं पाहिजे. पण वेब सर्व्हर बऱ्याचदा ‘सी’ लोकेलमध्ये, म्हणजे कुठलीच भाषा न नेमलेल्या मांडणीत चालतो. पायथन ३.६ तिथे आउटपुट आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं, धरतो, आणि पायडॉक जे अक्षर छापता येत नाही त्याच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंकी कोड छापतो. ‘क’च्या जागी यू-०९१५ दिसलं की समजायचं. उबुंटू १८.०४ वर पायथन ३.६ च आहे, आणि अशी यंत्रं कारखान्यांत अजून भरपूर आहेत. ‘पायथनआयओएन्कोडिंग’ या चलाला यूटीएफ-८ हे मूल्य दिलं की प्रश्न मिटतो. ३.७ पासून पायथन ‘सी’ लोकेलमध्येही स्वतःहून यूटीएफ-८ घेतो, तिथे ही तक्रार येत नाही.

काउंटर शून्यावर

आता मुख्य गोष्ट.

रात्रपाळीला आमचे सुपरवायझर असतात, त्यांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो. एका सोमवारी सकाळी मी आलो तर ते घरी न जाता थांबलेले. म्हणाले, “सर, रात्रभर बेंच बिनतक्रार चालला. आत्ता सव्वानऊला माझ्या डोळ्यांदेखत आकडा शून्यावर गेला. हात कोणी लावला नाही.”

चाचणी चालूच होती. कॉन्टॅक्ट नेमाने उघडत-मिटत होता, फक्त मोजणी गेली होती. आणि मोजणी गेली की चाचणीचा कागद गेला, कारण नमुना किती वेळा चालला हे सांगणारा दुसरा पुरावा नसतो. मंगळवारी पुन्हा तेच झालं, बुधवारी पुन्हा. भाऊंनी संशय घेतला शेजारच्या शेडमधल्या प्रेसवर. ती सुरू होताना व्होल्टेज दबतं हे खरं आहे. आम्ही काउंटर कार्डाला यूपीएस दिला, यूएसबीची केबल बदलली, अर्थिंग तपासून घेतलं. गुरुवारी आकडा गेलाच. आदल्या रविवारी मात्र चोवीस तास चाचणी चालली होती आणि आकड्याला धक्का लागला नव्हता. प्रेस रविवारी बंद असते, त्यामुळे सगळ्यांचा संशय आणखी पक्का झाला.

मला वेळा खटकत होत्या. लॉगरच्या फाइलमध्ये सेकंदापर्यंत नोंद असते. सोमवारी ९:१२, मंगळवारी ९:२५, बुधवारी ९:४०, गुरुवारी थेट ११:०५. रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा, आणि दोन घटनांत चोवीस तासांपेक्षा कमी अंतर एकदाही नाही. प्रेस असं वागत नाही. ती आठ वाजता सुरू होते आणि दिवसातून अनेकदा चालू-बंद होते.

एक दिवस टिकणारी आणि नंतर कोणीतरी हात लावेपर्यंत वाट बघणारी वस्तू माझ्या ओळखीची एकच होती. बेंच मॉड्यूलचं विकीपान उघडलं, सोर्स बघितला. कॅश्ड टाइमचे शेवटचे सहा अंक ०५३५१२. साडेपाच तास मिळवले. ११:०५:१२. लॉगरमध्ये आकडा शून्य झाल्याची नोंद त्याच मिनिटाची.

पायडॉक मजकूर वाचून डॉक्युमेंटेशन काढत नाही. तो मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतो, आणि इम्पोर्ट म्हणजे फाइलमधल्या वरच्या पातळीच्या सगळ्या ओळी चालवणं. आमच्या बेंच मॉड्यूलच्या शेवटी दोन ओळी होत्या: सिरियल पोर्ट उघड, काउंटरला शून्याची आज्ञा पाठव. त्या मीच लिहिल्या होत्या, कारण चाचणीची प्रत्येक स्क्रिप्ट मॉड्यूल इम्पोर्ट करूनच सुरू व्हायची आणि सुरुवात शून्यापासून हवी असायची. विकी त्याच यंत्रावर होता. लिनक्सवर एक प्रक्रिया सिरियल पोर्ट वापरत असताना दुसरीलाही तो उघडता येतो, एक्स्क्लुझिव्ह मागितला नसेल तर कोणी अडवत नाही. सकाळी आयटीआयची मुलं सूचना वाचायला पान उघडायची. कॅशे जिवंत असेल तर काही व्हायचं नाही. संपलेला असेल तर त्या दिवशीचं पहिलं उघडणं काउंटर पुसून टाकायचं. रविवारी पान उघडायला कोणी नसे.

पण मग हे आधीची दोन वर्षं का झालं नाही? कारण आधी त्या पानावर ‘प्रॉब्लेम इन’ यायचं आणि पुढे ‘परमिशन डिनाइड’. वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला सिरियल पोर्टचा अधिकार नव्हता, तो ‘डायलआउट’ गटात असावा लागतो. पान दिसत नाही ही तक्रार सोडवण्यासाठी त्याला त्या गटात घातलं गेलं. तेव्हा काहीच फरक पडला नाही, कारण चालू प्रक्रिया जुनेच गट धरून राहतात. उपाय लागू पडला नाही असं समजून सगळे ते विसरले. नंतर एका शनिवारी बराच वेळ वीज गेली, यंत्र नव्याने सुरू झालं, नवे गट लागू झाले. सोमवारी पान नीट दिसू लागलं, आणि सोमवारीच काउंटर गेला. कारण एका आठवड्यात आणि परिणाम दुसऱ्या आठवड्यात, मधला दुवा कोणाच्याच लक्षात नाही. अशा तक्रारी परत परत का येतात याचं मला सापडलेलं सगळ्यात खरं उत्तर हेच आहे.

हे कळायच्या आधी, त्याच आठवड्यात, ‘पान जुनं दिसतं’ म्हणून मी कॅशे एक्स्पायरी शून्य करून ठेवली होती, फक्त दुसऱ्या एका पानासाठी. तीच दुरुस्ती बेंचच्या पानावर गेली असती तर पान उघडेल तितक्या वेळा काउंटर पुसला गेला असता.

काय बदललं

सगळ्यात आधी वेब सर्व्हरचा वापरकर्ता डायलआउटमधून काढला आणि पीएचपीची सेवा पुन्हा सुरू केली. हे दुसरं विसरू नका, नाहीतर जुना अधिकार तसाच राहतो. खात्री करायची तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रक्रियेच्या ‘स्टेटस’ फाइलमधली ‘ग्रुप्स’ची ओळ बघायची. डेबियन-उबुंटूवर डायलआउटचा क्रमांक २० आहे, तो तिथे दिसता कामा नये.

मग मॉड्यूलमधल्या त्या दोन ओळी एका फंक्शनमध्ये नेल्या. चाचणीची स्क्रिप्ट ते फंक्शन नाव घेऊन बोलावते. पोर्ट उघडताना आता पायसिरियलला एक्स्क्लुझिव्ह मागतो, म्हणजे याच मॉड्यूलमधून तसाच एक्स्क्लुझिव्ह मागत दुसरा कोणी आला तर त्याला चूक मिळेल, आकडा जाणार नाही.

पण माझ्या मते खरी दुरुस्ती तिसरी आहे. पान उघडल्यावर कोड चालवणं ही कल्पनाच सोडून दिली. पायथनमध्ये ‘एएसटी’ नावाचं मॉड्यूल आहे. ते फाइल फक्त वाचून तिची रचना समजून घेतं, एकही ओळ चालवत नाही. त्यातलं ‘गेट डॉकस्ट्रिंग’ हवा तो मजकूर काढून देतं, आणि ३.९ पासूनचं ‘अनपार्स’ फंक्शनची आर्ग्युमेंट्स पुन्हा कोडच्या रूपात लिहून देतं. गिटमध्ये नवा कोड आला की पोस्ट-रिसीव्ह हुकमधून आमची छोटी स्क्रिप्ट चालते, प्रत्येक मॉड्यूलसाठी एचटीएमएलचा एक तुकडा तयार करते, आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलते, म्हणजे अर्धवट फाइल कोणाला दिसत नाही. एक्स्टेन्शन आता फक्त ती फाइल वाचतं. पायथन नाही, शेल नाही, ३०० एमबीचा प्रश्न नाही, लोकेलचा प्रश्न नाही. नमपायवालं पानही त्या दिवसापासून नीट आहे.

यात थोडं गमावलंही. चालताना तयार होणारी फंक्शन्स आणि वारशाने आलेल्या पद्धती एएसटीला दिसत नाहीत. ज्यांना ते हवंच आहे त्यांनी स्फिंक्सचं ऑटोडॉक जरूर बघावं, पण तेही इम्पोर्ट करतं हे ध्यानात ठेवून. हार्डवेअरशी बोलणारी लायब्ररी खोटी पुरवायला त्यात ‘ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स’ आहे, ते वापरल्याशिवाय बेंचजवळ त्याला आणू नका.

कॅशेचं मग सोपं झालं. एक्स्पायरी पुन्हा नेहमीची ठेवली. टॅग वाचताना एक्स्टेन्शन ‘ॲडट्रॅकिंगकॅटेगरी’ने पानाला एका वर्गात टाकतं. तुकडे तयार झाले की स्क्रिप्ट त्या वर्गातली पानं एपीआयकडून मागते आणि ती यादी मेंटेनन्समधल्या ‘पर्जपेज’ला देते. बदल झाला तेव्हाच पान नवं होतं, बाकी वेळ कॅशे आपलं काम करतो.

दिसण्याच्या दोन गोष्टी राहिल्या. डॉकस्ट्रिंगमधला कोनी कंसातला मजकूर पानावरून गायब होत असेल तर तो ब्राउझरने टॅग समजून गिळला आहे. एचटीएमएलमध्ये घालण्याआधी ‘एचटीएमएलस्पेशलकॅर्स’मधून काढा. आणि मधल्या कोऱ्या ओळींवर भलते परिच्छेद, किंवा ओळीच्या सुरुवातीच्या एका मोकळ्या जागेमुळे राखाडी चौकट येत असेल, तर टॅगने परत दिलेलं एचटीएमएल विकीच्या परिच्छेद लावणाऱ्या टप्प्यातून पुन्हा जातंय. कॉलबॅकमधून नुसती स्ट्रिंग न देता ॲरे द्या, आणि त्यात ‘मार्करटाइप’ला ‘नोविकी’ लिहा. तेवढ्याने भागतं.

जे अजून पायडॉकच चालवतायत त्यांच्यासाठी एक कळकळीची सूचना. टॅगमधलं नाव विकीवर कोणीही बदलू शकतं. पायडॉकला मॉड्यूलच्या नावाऐवजी फाइलचा पाथ दिला तर तो ती फाइल इम्पोर्ट करतो, म्हणजे चालवतो. सर्व्हरवर फाइल चढवता येते आणि पान संपादित करता येतं, अशा माणसाला तुम्ही सर्व्हरवर कोड चालवायची मुभा दिलेली असते. शेलसाठी नाव सुरक्षित केल्याने हे थांबत नाही. मान्य मॉड्यूलांची यादी एक्स्टेन्शनमध्येच ठेवा आणि यादीबाहेरचं नाव सरळ नाकारा. हे काम आजच्या आज करा, बाकीचं सावकाश केलंत तरी चालेल.

बदल केल्यावर मी आणि भाऊ दोघे बेंचसमोर उभे राहिलो. त्यांनी आकडा वहीत लिहिला, मी विकीचं पान पर्ज करून उघडलं. मग पुन्हा, मग दुसऱ्या संगणकावरून. आकडा एकेकाने पुढे जात राहिला. भाऊंनी वहीत वेळ टाकली आणि घरी गेले.